उमाठेकाकांचा राउंड

नर्मदेकाठच्या हिंदी शहरात, विजय नगरातल्या आमच्या गल्लीत नवी गाडी आली की नारळ नंतर फुटायचा, आधी उमाठेकाकांचा राउंड व्हायचा. चाकाखाली लिंबं मांडलेली असायची, घरातली बाई आरतीचं ताट घेऊन फाटकात ताटकळायची, आणि किल्ली मात्र काकांच्या हातात. ते गल्लीच्या टोकाला वळून, बागेला वळसा घालून परत यायचे. उतरून "चलो, फोडा" म्हणाले की नारळ फुटायचा. पण न उतरताच दुसऱ्या राउंडला निघाले, तर गाडीचा मालक हातातला नारळ खाली ठेवायचा.

या मानाला कारण होतं. ट्रक बनवणाऱ्या एका फॅक्टरीत काकांनी सगळी नोकरी टेस्ट ड्रायव्हर म्हणून केली. जोडून बाहेर पडलेला ट्रक पहिल्यांदा चालवायचा तो त्यांनी. चिखलातून, चढावरून, मुद्दाम खोदलेल्या खड्ड्यांतून त्याला फिरवायचं आणि एका चिठ्ठीवर 'पास' किंवा 'परत' लिहायचं. रिटायर झाल्यावर ट्रक सुटले, पण चिठ्ठी सुटली नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यांचं एक पुडकं त्यांच्या खिशात आणि शिसपेन्सिल कानावर, हे मी लहानपणापासून पाहत आले.

समोरच्या श्रीवास्तवजींनी पहिली कार घेतली तेव्हाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. काका राउंड मारून आले आणि म्हणाले, मागच्या डाव्या दारात काहीतरी बोलतंय. श्रीवास्तवजी बँकेतले, अंगाखांद्यावर शिस्त खेळवणारे. नव्या कोऱ्या गाडीला नाव ठेवलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. आठ दिवस त्यांनी काकांशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी स्वतःलाच तो आवाज ऐकू यायला लागला, दार उघडून घेतलं, तर आत गाडी जोडणाऱ्या कुणाचा तरी विसरलेला पाना निघाला. श्रीवास्तवजींनी खोव्याची जिलबी आणली आणि तो पाना काकांना भेट दिला. काकूंनी तो नारळ सोलायला ठेवला.

माणसांचीही परीक्षा काका गाडीवरूनच घेत. माझ्या ताईला बघायला नागपूरहून मुलगा आला, तो इथल्या आपल्या मावसभावाची गाडी मागून नाही, स्वतःची मोटरसायकल चालवत आला. आत कांदेपोहे चालू असताना काकांनी त्याची किल्ली मागून घेतली आणि एक राउंड मारून आले. मग आईला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की मुलाचा क्लचवरून हात निघत नाही, प्लेट पार झिजली आहे, तेव्हा निर्णय घ्यायला वेळ लावेल. पण ब्रेक नवे टाकलेत आणि साखळीला तेल आहे, तेव्हा पोरगी सुखात राहील. लग्न झालं. आमचे भाऊजी आजही हॉटेलात मेन्यूकार्ड हातात घेऊन अर्धा तास बसतात, आणि ताई खरंच सुखात आहे.

मी काकांना बसलेलं पाहिलं ते फक्त वाहनावर. एरवी पोह्याची बशी हातात घेऊन ते व्हरांड्यात येरझारा घालत, पेपर गच्चीवर चालत वाचत. लग्नकार्यात मंडपात पाच मिनिटं टेकले की उठून मागे जनरेटरचा आवाज ऐकायला जात. कुणाला भेटायचं ठरवलं आणि तो माणूस पाच मिनिटं उशिरा निघाला, तर काका त्याला गाठायला स्वतःच निघत, दुसऱ्याच रस्त्याने जात, आणि दोघांची चुकामूक होई. म्हणून ओळखीचे लोक त्यांना फोनवर बजावत, "उमाठेजी, आप वहीं रहिए, हिलिए मत." ते हलतच. "गाडी उभी राहून बिघडते," हे त्यांचं आवडतं वाक्य. मंदाकाकू म्हणत, "देवानं यांना पाठवलं ते किल्ली न देताच. बंद करू कशी मी?"

त्यांच्या चिठ्ठीवर चार ओळी असत. चालवणारा, आवाज, हात, ब्रेक. 'हात' म्हणजे हँडल किंवा स्टिअरिंग हाताला काय सांगतं ते. लहानपणी मला नवल वाटायचं की गाडीच्या चिठ्ठीत पहिली ओळ चालवणाऱ्याची काहून. झोप झाली का, ताप आहे का, घरी भांडण झालं का, हे आधी लिहायचं आणि मगच गाडीचं. मी विचारलं तेव्हा त्यांनी तीन ट्रकांची गोष्ट सांगितली.

नितीनच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, जन्माच्या दिवशी काकूंना पहाटे दवाखान्यात पोचवून काका ड्यूटीवर गेले होते. त्या सकाळी त्यांनी एकामागून एक तीन ट्रक परत पाठवले. तिन्हींना एकच दोष, स्टिअरिंग डावीकडे ओढतं. फिटर लोकांनी तिन्ही खोलले. काही निघालं नाही. दुपारी म्हातारा फोरमन स्वतः काकांच्या शेजारी बसला आणि एक फेरी झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "उमाठे, सुबह से किधर देख रहा है?" टेस्टच्या रस्त्याच्या डाव्या हाताला फॅक्टरीचं फाटक होतं. निरोप आला तर तिथून येणार होता.

"ट्रक ओढत नव्हते बेटा," काका म्हणाले होते, "मी ओढून राहिलो होतो." त्या दिवसापासून त्यांनी चिठ्ठीवर पहिली ओळ स्वतःच्या मनाने वाढवली. फॅक्टरीच्या छापील कागदावर ती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी भाजीच्या ठेल्याला वाचवताना काका स्कूटरवरून पडले. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण नितीन पुण्याहून धावत आला, स्कूटर विकून टाकली आणि वडिलांना मोटरच्या गाडीला हात न लावण्याची शपथ घालून गेला. शपथेची गरजही नव्हती म्हणा. गल्लीत आताच्या गाड्या येतात त्यांना समोर पडदा असतो, आपल्याला काय होतंय ते त्या स्वतःच सांगतात. काकांना कुणी बोलवेनासं झालं. ते चपला घालून दिवसभर कॉलनीत फिरायचे, कुठल्या स्पीडब्रेकरचा रंग गेलाय ते वॉर्डाच्या ऑफिसात कळवून यायचे, आणि पुन्हा फिरायचे. मला ते बघवत नसे. मी काही फार हळवी बाई नाही, विमा कंपनीत बसून लोकांच्या दाव्यांवर शंका काढणं हा माझा धंदा आहे. पण त्यांची ती रिकामी चाल ऐकू आली की मी खिडकी लावून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला साखरेची भीती घातली आणि मी सायकल घेतली. दुकानातली सगळ्यात स्वस्त रोड बाइक, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर टायर. घेतली ती साखरेसाठी, हे खरं. पण दुकानातून घरी आणताना मनात आलं होतं की हिला मोटर नाही.

फाटकातूनच हाक मारली. काकांनी सायकल पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आत वळून ओरडले, "मंदा, माझे बूट कुठं आहेत?"

काकूंनी दारात येऊन शपथेची आठवण दिली. काका म्हणाले की नितीनने मोटर म्हटलं होतं, इथे मोटर दाखव. काकूंनी खाली बसून काकांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. ते मला जरा विचित्र वाटलं, पण लाडाचा भाग समजून मी सोडून दिलं.

राउंड एकाचे तीन झाले. पहिल्या वळणावर काका डगमगले, मग सावरले, आणि तिसऱ्या खेपेला बागेच्या कोपऱ्यावरून आले ते उभं राहून पायडल मारत. सत्तरी उलटलेला माणूस, मफलर मागे उडतोय. श्रीवास्तवजी गॅलरीत येऊन बघायला लागले. काका उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि तोंड थांबत नव्हतं.

ते म्हणाले, पाय लावला की ही विचार करत नाही, निघते. टायर इतका पातळ की रस्त्यावर दोरा पडला असेल तरी कळेल. स्पीडब्रेकरवर कंबरेचा हिशेब घेते, तिथे उचलून घ्यायचं स्वतःला. ब्रेक नरम आहे पण खोटा नाही. मागचा गिअर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना अडखळतो, केबल ढिली आहे. आणि सीट तर बसूच देत नाही, म्हणते चाल. अशीच पाहिजे. स्वस्तातली आहे पण नियत चांगली आहे पोरीची. एवढं सगळं बोलून ते थांबले आणि दोन्ही हात मफलरला पुसत म्हणाले, "बस एवढंच, हँडल थरथरते."

चिठ्ठी लिहिली. चालवणारा: ठीक. आवाज: गिअरची केबल. हात: थरथर. ब्रेक: ठीक. खाली जोरात रेघ ओढून 'परत'.

मी चालवून पाहिली. मला काही थरथर लागली नाही. पण मला काय कळतं, म्हणून मी सायकल सलीमभाईंकडे नेली. त्यांचं सायकलचं दुकान आमच्या वळणावरच आहे, तीसेक वर्षांचं. काका नोकरीत असल्यापासून त्यांचा दोस्ताना. काकांनी दोष सांगायचा आणि सलीमभाईंनी तो काढायचा, अशी वाटणी. गिअरची केबल खरोखरच ढिली होती. ती त्यांनी ताणली, पुढचं चाक फिरवून पाहिलं, हँडलखालच्या बेअरिंगचे छर्रे काढून ग्रीस भरलं. काकांनी पुन्हा राउंड मारला. थरथर होतीच. सलीमभाईंनी चाकाच्या तारा कसल्या, पुढचं चाक धरणारा चिमटा उतरवून पाहिला, पाटावर ठेवून सरळ आहे का ते तपासलं. काकांनी पुन्हा राउंड मारला आणि पुन्हा 'परत' लिहिलं. चालवणारा: ठीक.

तिसऱ्यांदा सायकल नेली तेव्हा सलीमभाईंनी तिला हात लावला नाही. हात फडक्याला पुसत हळू आवाजात म्हणाले, "दीदी, साइकिल में कुछ नहीं है. चाचाजी का हाथ देखा है आपने?"

मी पाहिला होता. म्हणजे, त्या क्षणी लक्षात आलं की कधीपासून पाहत होते. काका चहा आता कपबशीतून घेत नसत, स्टीलच्या अर्ध्याच भरलेल्या पेल्यातून घेत. बशीची किणकिण होऊ नये म्हणून. चिठ्ठीवरचं अक्षर बारीक आणि वाकडं झालं होतं. बुटाच्या नाड्या काकू बांधत होत्या. हे सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं आणि रोज दुसऱ्यांची खोटी कागदपत्रं पकडणारी मी, ते सायकलच्या चिमट्यात शोधत होते.

मी काकूंना गाठून हातांचं विचारलं. त्या मेथी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, वर्ष होऊन गेलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते ऐकतच नाहीत, थंडी आहे म्हणतात, उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"नको सांगू. जिंदगीभर त्या हाताच्या भरवशावर उभा आहे हा माणूस. लोकांनी यांच्या हातावर गाड्या घेतल्या, पोरी दिल्या. हातच खोटा आहे म्हणून सांगशील, तर मग राहिलं काय त्यांच्याजवळ?"

मी गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण मला चांगुलपणा सुचला. दुसऱ्या दिवशी काकांनी मला फाटकात अडवून सरळ विचारलं, "तू चालवून राहिली ना रोज? खरं सांग, तुला थरथर लागते का?"

मी म्हटलं, "हो काका, लागते थोडी."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला आधी बरंच वाटलं. ते म्हणाले, बघ, आणि तो सलीम मला वेड्यात काढून राहिला. त्याच पावली ते सलीमभाईंच्या दुकानात गेले. मी मागून धावले तोवर उशीर झाला होता. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर काका सलीमभाईंना सुनावत होते. डोळे गेले तर दुकान बंद कर. मी एकटा नाही म्हणत, ही शुभासुद्धा म्हणून राहिली आहे. सलीमभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "जी चाचाजी, फिर से देख लूँगा."

तीस वर्षांच्या कामाचा पाणउतारा त्या माणसाने माझ्या एका शब्दापायी गिळला. मला रागही आला तो सगळ्यांचा, काकांचा, काकूंचा, त्या मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या सलीमभाईंचा. माझा स्वतःचा आला तो सगळ्यात शेवटी. पुढचे चार दिवस माझं कशातच लक्ष लागेना. ऑफिसात फायली उघडायचे आणि मिटायचे. एका जागी बसवेना. काकांसारखीच मी गच्चीवर फेऱ्या घालायला लागले आणि सांगायचं की नाही, हे ठरवता ठरवता शनिवार आला.

शनिवारी काकांनी जाहीर केलं की गल्लीतल्या राउंडने हा दोष सापडायचा नाही, लांब रस्ता पाहिजे. उद्या सकाळी नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत. नागपूर रोड, त्यावरचे ट्रक, आणि ते हात. मी म्हटलं, मी स्कूटीवर मागे येते.

तो रस्ता मी कसा पार केला ते मला विचारू नका. काका पुढे, कडेकडेने, पाठीला बाक देऊन. मी मागे, प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला देवाचं नाव घेत. खरं सांगायचं तर ते सुरेख चालवत होते. उतारावर हात सैल, चढावर एक गिअर आधीच खाली, खड्डा दिसायच्या आधी चुकवलेला. फक्त सरळ सपाट रस्ता आला की हँडलचं टोक बारीक बारीक डोलायचं. मागून मला ते स्पष्ट दिसत होतं. चढाला घट्ट धरलं की थांबायचं, सपाटीला हात विसावले की पुन्हा सुरू.

पुलावर पोचल्यावर त्यांनी सायकल कठड्याला टेकवली आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून नर्मदेकडे पाहत उभे राहिले. मी स्कूटी उभी करून शेजारी गेले. पाणी संथ होतं, खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. एक ट्रक गेला आणि पूल हलला, कठड्यातही ते जाणवलं. काकांनी मान वळवून ट्रक पुलावरून उतरेपर्यंत पाहिला. मग दुसरा गेला. तोही उतरू दिला. मग बराच वेळ काहीच गेलं नाही.

पूल थांबला होता. काकांनी हातांकडे पाहिलं. उजवा हात कठड्यावरून उचलला, हवेत धरला. पुन्हा ठेवला. मग डावा उचलला. खोललेल्या यंत्राचे भाग एकेक करून बाजूला ठेवतात, तसं ते करत होते, घाई न करता. त्यांना घाई नसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"तुला थरथर लागली होती?" त्यांनी नदीकडे पाहतच विचारलं.

"नाही काका."

"मग काहून म्हटलं?"

मला रडूच आलं. ते स्वतःशी म्हणावं तसं म्हणाले, "मी डावीकडे पाहून राहिलो होतो."

त्यांनी खिशातून शेवटची चिठ्ठी काढली, कठड्यावर ठेवली, कानावरची पेन्सिल घेतली. 'चालवणारा: ठीक' मधला 'ठीक' खोडला. लिहायला वेळ लागला, पण मी मदतीला हात पुढे केला नाही, तेवढी अक्कल मला तोवर आली होती. मग त्यांनी चिठ्ठी मला दिली. चालवणारा: परत. गाडी: पास.

परतीला ते सायकलवर बसले नाहीत. म्हणाले, जाताना तू चालव, मी ऑटोने येतो. माझी स्कूटी पुलाजवळच्या चहावाल्याकडे ठेवली. मला वाटलं, ते पुढे निघून जातील. पण त्यांनी ऑटोवाल्याला माझ्या बरोबरीने, माझ्याच वेगाने चालवायला लावलं. तो बिचारा पहिल्या गिअरमध्ये कुथत होता आणि काका अर्धे बाहेर लोंबकळून माझं पुढचं चाक पाहत होते. कोपर सैल सोड. हँडल पकडू नको, नुसते हात ठेव. चढ दिसून राहिला ना, मग आधीच गिअर पाड. ऑटोवाल्याने मला विचारलं, "दीदी, ये आपके कोच हैं?"

तोवर मी ती सायकल गल्लीतल्या गल्लीतच फिरवली होती. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा कळली. पाय लावला की ती खरोखरच विचार करत नव्हती. टायरखालची खडी तळहातापर्यंत येत होती आणि हँडल स्थिर होतं, इतकं स्थिर की मला त्याची लाज वाटत होती.

ऑटो सलीमभाईंच्या दुकानापाशी थांबला. काका उतरले आणि माझ्याकडची चिठ्ठी घेऊन त्यांनी ती सलीमभाईंपुढे धरली. सलीमभाईंना मराठी वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही, तीस वर्षं त्यांनी त्याच चिठ्ठ्या वाचल्या होत्या. त्यांनी ती वाचली. काका म्हणाले, "सलीम, गलती मेरी थी. उस दिन चार लोगों के सामने बोला था, अभी दो ही खड़े हैं. बाकी दो को तू बता देना." मी माझंही सांगायला तोंड उघडलं, पण सलीमभाईंनी हातानेच थांबवलं आणि लाकडी स्टूल पुढे सरकवलं. "बैठिए चाचाजी." काका बसले. दुकानात, स्टुलावर, चांगले चहा होईपर्यंत. सलीमभाईंनी त्यांना पेला अर्धाच भरून दिला. त्यांनाही ते ठाऊक होतं तर.

डॉक्टरांनी त्या थरथरीला नाव दिलं, गोळ्या दिल्या. नितीनने आईवडिलांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मधल्या दोन महिन्यांत काकांनी मला रोज सकाळी राउंड मारायला लावला. ते स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसायचे. पाय खाली सतत हलत असायचे, पण बसायचे. मी आले की चिठ्ठी तेच सांगत आणि मी लिहायची. पहिला प्रश्न ठरलेला, "चालवणारी कशी आहे?" ऑफिसात वाजलं असेल, झोप झाली नसेल, तर मी तसं सांगायचं. मग ते म्हणत, हा राउंड धरायचा नाही, पुन्हा मारून ये. खोटं सांगितलं तर त्यांना कळायचं. मीही पुन्हा तसं करायला गेले नाही.

ते निघाले त्या सकाळी टॅक्सी फाटकात उभी होती, सामान चढलं होतं, नितीन घड्याळ पाहत होता. काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तो नारळ सोलायचा पाना रुमालात गुंडाळलेला. काका मात्र खुर्चीतच. मला म्हणाले, एक राउंड मार. मी मारला. बागेपाशी नीट वळले, गिअर वेळेवर पाडला, स्पीडब्रेकरवर स्वतःला उचललं. परत येऊन त्यांच्यासमोर उतरले.

"चालवणारी कशी आहे?"

"ठीक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ठीक नाही काका," मी म्हटलं.

"मग हा धरायचा नाही. चलो, पुन्हा मारून ये."

मी निघाले. डोळ्यांतून पाणी येत असल्याने बागेचा कोपरा जरा रुंद घेतला, स्पीडब्रेकरवर आपटले. वळून गल्लीत आले तेव्हा टॅक्सी गेली होती. त्यांना कुणाची वाट पाहत थांबणं कधी जमलंच नाही. फाटकात खुर्ची तेवढी राहिली होती. मी तिच्यासमोर थांबले नाही. चालवणारी अजून ठीक नव्हती, म्हणून तोही राउंड मी धरला नाही आणि पुढचा मारायला गेले.